तात्या अनवाणी येतात

१ जानेवारी १९५२, मंगळवार. पहाटे ५ (प्रत्यक्षात ७.२०)

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीनच. गेल्या वर्षी अकरा केले होते, ते जरा जास्त झाले.

एक, पहाटे पाचला उठणे. उद्यापासून. दोन, ही वही रोज लिहिणे. तीन, तात्यांच्या स्वप्नांचा पद्धतशीर अभ्यास करून अर्थ लावणे.

तिसरा महत्त्वाचा. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन येत्या चैत्रात वर्ष होईल. गेल्या पंधरवड्यात ते तीनदा माझ्या स्वप्नात आले. तिन्ही वेळा एकच प्रकार. उंबऱ्यावर उभे. लाल पटका, काळा कोट, धोतर स्वच्छ. पाय मात्र अनवाणी. आधी जमिनीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि एक शब्द न बोलता निघून जातात.

न बोलण्याचं मला काही वाटत नाही. आम्हा बापलेकांत शब्दांची गरजच नव्हती. अनवाणी पायांचा अर्थही सरळ आहे. वैराग्य. तात्यांना वर चांगली जागा मिळालेली दिसते आणि थोरल्या मुलाला ते कळवून जातात. मी एकुलता मुलगा, म्हणजे थोरलाही मीच.

२ जानेवारी, बुधवार

उठलो ७.४०. थंडी फार.

३ जानेवारी, गुरुवार

सौ.ला स्वप्न सांगितलं. तिने विचारलं, पायात काहीच नव्हतं? मी म्हटलं, काहीच नव्हतं, वैराग्य. तिने दाराकडे बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दाराशी तात्यांची नवी कापशी, म्हणजे जाड तळाची चामडी, वहाण होती. त्याबद्दल इथे खुलासा करून ठेवतो, पुढे गैरसमज नको. जाण्याआधी महिनाभर तात्यांनी केरबाकडे वहाण करायला टाकली होती. केरबा म्हणजे आमचा ठरलेला कारागीर, तात्यांच्या पायाचं माप त्याला तोंडपाठ. शेवटच्या दिवशी तात्या सौ.ला म्हणाले, "त्याला सांग, केरबाकडनं माझं पायताण आण म्हणावं." तेच त्यांचे शेवटचे शब्द. 'त्याला' म्हणजे मला. आता, अंथरुणाला खिळलेला माणूस नवी वहाण घालून कुठे जाणार? तेव्हा ती मला दिली, हा अर्थ उघड आहे. बापाची वहाण लेकाच्या पायात आली की लेक बरोबरीचा झाला म्हणतात. मला ती बसते. दोन बोटं सैल आहे, पण पुढे चिंधी कोंबली की बसते.

तेराव्याला भटजींना वहाणा आणि छत्री द्यायची असते, गेलेल्याला वाटेत काटे आणि ऊन लागू नये म्हणून. मी दोन्ही दिलं. वहाणा माझ्या जुन्या दिल्या आणि छत्रीही माझीच जुनी दिली. देण्याला महत्त्व, वस्तूला नाही. तात्यांची वेताच्या मुठीची छत्री अगदी चांगल्या स्थितीत होती, म्हणून ठेवून घेतली.

६ जानेवारी, रविवार

हातकणंगल्याहून अक्का आली. माझी थोरली बहीण. पायरीवरच पिशवी टाकून सांगायला लागली की तात्या परवा स्वप्नात आले होते आणि चांगले अर्धा तास बोलत बसले होते. तिच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. वांग्याच्या रोपांना कीड पडलीय म्हणाले. हसले सुद्धा.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही? अक्का म्हणाली, "न्हाय बा. तुझा इषयच निघाला न्हाय."

मनस्ताप झाला. लग्न होऊन परक्या घरी गेलेल्या मुलीशी अर्धा तास, आणि मी त्यांच्याच खोलीत त्यांच्याच पलंगावर झोपतो तर नुसतं बघून जातात. अक्काला विचारून घेतलं की ती कोणत्या कुशीवर झोपते. डाव्या म्हणाली.

आजपासून डावी कूस.

७ जानेवारी, सोमवार

डावा हात बधिर. बाकी काही नाही.

९ जानेवारी, बुधवार

आता कमाल झाली. सकाळी ज्ञानू दूधवाला दारात म्हैस पिळता पिळता म्हणाला, "मालक, तुमचं तात्या आल्तं की काल सपनात. म्हशीला पेंड कमी घालतोयस म्हणालं. लई बोललं. शिव्या बी दिल्या."

ज्ञानूला! ज्याच्या दुधात पाणी आहे असं तात्या हयातभर म्हणत आले, त्याला शिव्या देण्याइतका वेळ त्यांना आहे. मी ज्ञानूला बजावलं की स्वप्न पडलं तरी ते असं रस्त्यात बोलून दाखवू नये. त्याने तोंड वाकडं करून म्हशीकडे बघितलं.

१० जानेवारी, गुरुवार

सौ.ला खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की तिच्याकडे ते नेमाने येतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. इतके दिवस का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाही.

काय बोलतात? आमटीत गूळ जास्त पडतो म्हणतात. आणि निघताना दर वेळी एक निरोप देतात, "त्याला सांग, मागच्या दारचा नळ गळतोय."

म्हणजे मेल्यावरसुद्धा थ्रू प्रॉपर चॅनेल! जिवंतपणी शेवटी शेवटी तेच होतं. त्याला सांग पाणी आलं, त्याला सांग केस वाढलेत. मी समोर बसलेला असायचो.

नळ गळतोय हे खरं आहे. रविवारी बघतो.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

उत्तम कल्पना सुचली. आज सगळ्या जगात एकमेकांना तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायची पद्धत आहे. जिवंतांना चालते तर गेलेल्यांना का चालू नये? उशाशी चांदीच्या वाटीत तिळगूळ ठेवला आहे. शेजारी पाण्याचा तांब्या. झोपण्यापूर्वी मोठ्याने म्हटलं, "तात्या, तिळगूळ घ्या, गोड बोला."

सौ. दारात उभी होती. मुंग्या येतील म्हणाली. बायकांना शास्त्र कळत नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

मुंग्या आल्या. लाल. मानेला आणि उजव्या कानाला.

तात्या आले नाहीत. आज मंगळवार, म्हणजे सौ.कडे गेले असणार.

२० जानेवारी, रविवार

शास्त्रीय पद्धतीशिवाय गत्यंतर नाही. मी रेकॉर्ड सेक्शनचा माणूस, त्यामुळे हे काम मला जमेल तसं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. स्वप्नांचं रजिस्टर आखलं. कॉलम असे: तारीख. वेळ. जेवणात काय. कूस कोणती. तात्यांचा पोशाख. भाषण (असल्यास). शेरा.

रेघा मारण्यात दुपार गेली. नळ राहिला.

२८ जानेवारी, सोमवार

आठ दिवसांचा गोषवारा. उपाशी झोपलो तेव्हा भज्यांचं स्वप्न पडलं. रविवारी तांबडा रस्सा ओरपून झोपलो, तर साहेबांच्या टेबलाला आग लागल्याचं स्वप्न पडलं आणि मी ती विझवत नव्हतो. दोनदा तात्या आले. दोन्ही वेळा भरल्या पोटी, उजवी कूस, पहाट. पोशाख नेहमीचा, पाय अनवाणी. 'भाषण (असल्यास)' हा कॉलम वरपासून खालपर्यंत कोरा.

काल मात्र नवीन गोष्ट घडली. तात्यांनी एक पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला आणि तळवा बघितला. उंबरा म्हणजे वरची पायरी. ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी आहे. अर्थ लागला. बोलले नाहीत तरी सांगायचं ते सांगून गेले. लेकाची काळजी बापालाच.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, काटा बघत असतील.

४ फेब्रुवारी, सोमवार

हेडक्लार्कची ऑर्डर निघाली. नाव सयाजीराव देसायांचं. या माणसाला स्वप्नंच पडत नाहीत, असं त्याने मला स्वतः सांगितलं आहे.

शिवाय दुपारी साहेबांनी शिपायाकरवी विचारणा केली की बारापासून व्हरांड्यात काय करकरतंय. माझी वहाण. तात्यांनी ती मुद्दाम तशी करून घेतली होती, गल्लीच्या तोंडाशी पाय पडला की घरात कळावं म्हणून. उद्यापासून ती बाहेर काढून सेक्शनमध्ये यावं, असं साहेबांचं म्हणणं पडलं. म्हणजे दिवसभर मीही अनवाणी. फरशी फार गार असते.

१० फेब्रुवारी, रविवार

अर्थ लावायला अधिकारी माणूस हवा म्हणून दामूभटांकडे गेलो. तेराव्याचे आमचे भटजी हेच. ते म्हणाले, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही देऊन गेलं तर उत्तम. काही मागत असेल तर ते देऊन मोकळं व्हावं. मी म्हटलं, मागत नाहीत, काही बोलतच नाहीत, नुसते अनवाणी उभे राहतात.

दामूभटांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, तेराव्याला तुम्ही दिलेल्या वहाणेचा तळ त्याच दिवशी पंचगंगेच्या घाटावर तिसऱ्या पायरीला सुटला. आणि छत्री उघडली की आपोआप मिटते. बोट चेमटलं होतं.

विद्वान माणूस, पण दृष्टी सगळी वस्तूंवर. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. नमस्कार करून उठलो. ते दारापर्यंत आले आणि मी वहाण घालत होतो तिकडे बराच वेळ बघत राहिले.

१७ फेब्रुवारी, रविवार

महाद्वार रोडला भर गर्दीत वहाण पायातून पुढे निसटली आणि मी मागे राहिलो. एका बाईच्या टोपलीवर पडलो. टोमॅटो. बाई म्हणाली, "पावणं, मापाचं घालावं की पायताण!"

सगळ्या गावाला माझ्या पायांची उठाठेव.

१ मार्च, शनिवार

आज संस्थान विलीन झाल्याला तीन वर्षं झाली. ऑफिसात कुणाला आठवण नव्हती. मला होती.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून नोंद करून ठेवतो. तात्यांनी बत्तीस वर्षं दरबारच्या पागेवर कारकुनी केली. कोणता घोडा कधी आला, कोणत्या बग्गीचं चाक कधी बदललं, सगळं मुखोद्गत. घरी कुणीही आलं की तेच. त्या दिवशी, म्हणजे १ मार्च १९४९ ला, माझे ऑफिसातले चारजण चहाला आले होते. तात्यांनी मिरवणुकीतल्या बग्ग्या सुरू केल्या. तासभर झाला. लोक घड्याळं बघायला लागले. मी म्हटलं, "तात्या, तुमचं संस्थान संपलं. आता गप्प बसा."

वस्तुस्थितीच सांगितली. आवाजही फार मोठा नव्हता. चौघांतले दोघं हसले, त्याला मी काय करणार?

तात्या गप्प बसले. माझ्याशी. दोन वर्षं आणि दीड महिना, म्हणजे जाईपर्यंत. बाकी सगळ्यांशी बोलायचे, ज्ञानूच्या म्हशीशी सुद्धा. मला वाटायचं, आठ दिवसांत राग जाईल. मग वाटलं, दिवाळीत जाईल. मग सवय झाली.

आम्हाला शब्दांची गरज नव्हती असं मी पहिल्या पानावर लिहिलं आहे. ते तितकंसं बरोबर नाही.

२ मार्च, रविवार

कालची नोंद फार भावनेच्या भरात झाली. खोडणार होतो, पण रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नये असा नियम आहे.

आता एक स्पष्ट करतो. एवढा सगळा अभ्यास चालला आहे तो एकाच गोष्टीसाठी. तात्यांनी माझ्याशी एकदा बोलावं. काहीही. नळ गळतोय एवढं म्हणाले तरी चालेल, पण मला म्हणावं.

९ मार्च, रविवार. दुपारी ४

जेवून लवंडलो होतो. तात्या आले. दुपारी पहिल्यांदाच. आज उंबऱ्यावर थांबले नाहीत, आत आले. पलंगाखाली माझी, म्हणजे त्यांची, म्हणजे ती वहाण होती. तिच्या शेजारी त्यांनी आपलं पाऊल लावून बघितलं. अगदी बरोबर मापाचं. मग माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखून वाट बघितली. गेले.

अर्थ: मुलगा वहाण नीट वापरतो याबद्दल समाधान.

सौ.ने ऐकून घेतलं. मग हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "अहो, ते आपली वहाण मागायला येतात. उन्हातनं अनवाणी चाललेत ते. अक्कांना कळलं, मला कळलं, ज्ञानूलासुद्धा कळलंय."

ज्ञानूला कुणी सांगितलं?

१२ मार्च, बुधवार

सौ.च्या थिअरीत तथ्य नाही हे सिद्ध करायला केरबाकडे गेलो. म्हटलं, वहाण माझ्या मापाची करून दे, म्हणजे वादच मिटला. दोन बोटं काप.

केरबाने वहाण हातात घेतली, उलटी केली, आतली चिंधी चिमटीत धरून बाहेर काढली. मग बाजूला ठेवली आणि कापणार नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, "हे तात्यांचं माप हाय. तुमचं माप बी हाय माज्याकडं. तुमी म्हणाल तर तुमास्नी दुसरं करून देतो. ह्याला हत्यार लावायचा न्हाय मी."

पुढचं त्याने खाली बघत सांगितलं. तात्या गेल्यावर सातआठ महिने रोज त्याच्या स्वप्नात यायचे. पायताण झालं का, म्हणून ओरडायचे. कामात हातोडी बोटावर पडायला लागली. शेवटी एका पहाटे त्याने सांगून टाकलं, "तात्या, झालंय कवाच. तुमच्या ल्योकानं न्हेलंय. तितं जावा."

म्हणजे तात्या माझ्याकडे आले ते केरबाने पाठवलं म्हणून. माझी आठवण येऊन नव्हे.

घरी अनवाणी आलो. वहाण हातात होती. उन्हाने रस्ता इतका तापतो हे लक्षात नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

रजा. पायाला फोड.

दुपारी सौ. तेल लावत होती. मी म्हटलं, ठीक आहे, वर्षश्राद्धाला वहाण देऊन टाकू. पण मागायला आले होते तर बोलून मागायचं. एक शब्द. तीन महिने झाले, मी प्रत्येक वेळी वाट बघतो आणि ते गप्प.

तिने विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही एकदा तरी बोललात का?"

मी म्हटलं, स्वप्न त्यांचं, आधी त्यांनी बोलायला हवं. ती म्हणाली, "स्वप्न तुमचं. ते येतात."

हा मुद्दा रजिस्टरमध्ये आला नव्हता. कॉलमच नव्हता.

१६ मार्च, रविवार

मीच बोलायचं ठरवलं. मसुदा केला.

मसुदा १: दि. १-३-४९ रोजी चहाच्या वेळी माझ्याकडून करण्यात आलेल्या विधानामुळे आपल्या भावना दुखावल्या असल्यास...

'असल्यास' काढलं. मग सगळंच काढलं.

मसुदा ४: तात्या, त्या दिवशी लोकांसमोर बोललो ते चुकलं.

मसुदा ७: तात्या, चुकलं माझं.

हा फायनल. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना पन्नास वेळा म्हटला. बाकावरचे एक गृहस्थ उठून गेले.

२४ मार्च, सोमवार

तयारी पूर्ण. वाक्य पाठ. भरलं पोट, उजवी कूस. गेल्या आठवड्यात तात्या दोनदा आले. पहिल्यांदा तोंड उघडलं आणि जाग आली. दुसऱ्यांदा तोंड उघडलं आणि शिंक आली, स्वप्नात, आणि तोवर ते गेले. हयातीत त्यांच्यासमोर बोलताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती.

१ एप्रिल, मंगळवार

वर्षश्राद्ध रविवारी, ६ तारखेला. दामूभटांना सांगून आलो. वहाणेचा उल्लेख केल्यावर त्यांनी स्वतःहून चहा विचारला.

आता एक अडचण दिसते. वहाण दिली की तात्यांचं काम झालं. मग ते कशाला येतील? माझं वाक्य अजून बोलायचं आहे.

विचारान्ती मार्ग सापडला. छत्री! वहाण द्यायची, छत्री ठेवायची. अनवाणी माणूस वहाणेसाठी आला, तसा उन्हातला माणूस छत्रीसाठी येईल. माळ्यावर गोधड्यांच्या मागे लपवून ठेवली आहे. सौ.ला माहीत नाही. हे बरोबर नाही हे मला कळतं. पण दोनतीन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

५ एप्रिल, शनिवार

वहाण स्वतः पुसली, तेल लावलं. अक्का आली. तिला तात्या काल सुद्धा भेटले. मी काही विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार. वर्षश्राद्ध

सगळं यथासांग पार पडलं. शेवटी पाटावर वहाण ठेवली. मी पाणी सोडणार तेवढ्यात सौ. आतून आली आणि वहाणेशेजारी वेताच्या मुठीची छत्री ठेवली. वर्षाच्या गोधड्या उन्हात घालायला परवा माळा काढला होता म्हणे. "दोन्ही एकदमच जाऊ द्या," म्हणाली, "उगीच त्यांना परत हेलपाटा नको."

भटजी समोर, अक्का समोर. काय करणार? पाणी सोडलं.

दामूभट वहाण घालून, छत्री उघडून निघाले. कर्र, कर्र, कर्र. मी दारात उभा. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं, मग कोपऱ्यावर आवाज वळला आणि बंद झाला. तात्या रोज संध्याकाळी असेच यायचे, फक्त उलट दिशेने. मला रडू आलं. अक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पानं वाढलीत म्हणाली.

७ एप्रिल ते ११ एप्रिल

नाही. नाही. नाही. नाही. नाही.

मंगळवारी सौ.कडेही नाहीत. अक्काचं पत्र, तिच्याकडेही नाहीत. ज्ञानूला आडून विचारलं. तो म्हणाला, "गेलं असतील की आता सुखानं."

तात्यांची आणखी एखादी वस्तू माझ्याकडे राहिली आहे का म्हणून आज ऑफिसातून लवकर येऊन सगळं घर धुंडाळलं. काही सापडलं नाही. सौ.ने सगळं नीट देऊन टाकलं आहे.

१२ एप्रिल, शनिवार

नळ दुरुस्त केला. दोन तास लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार. पहाटे ५ (खरोखर)

आले! विसरण्याआधी लिहितो.

रंकाळ्याच्या बांधावरून तात्या चालले होते. पाठमोरे. लाल पटका, पायात कापशी, कर्र कर्र, बगलेत मिटलेली छत्री. ऊन रखरखीत. मी मागे. एवढंच अंतर, हाक मारली तर ऐकू जाईल. वाक्य तयार होतं. तात्या, चुकलं माझं. तीन शब्द. छाती भरून हाक मारली आणि तोंडातून निघालं ते असं:

"तात्या, ऊन केवढं लागतंय! छत्री उघडा की!"

परत शिकवायलाच गेलो.

तात्या थांबले. वळले. माझ्याकडे, थेट माझ्याकडे बघितलं, मध्ये सौ. नाही, कुणी नाही. आणि बोलले.

"गप बस."

मग छत्री उघडली आणि गेले.

सौ. हलवून उठवत होती. काय ओरडता म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली, मग पदराने डोळे पुसायला लागली, मग परत हसली.

आवाज तोच होता. राग नव्हता त्यात. निदान मला तरी वाटला नाही. रजिस्टर काढून 'भाषण (असल्यास)' या कॉलमात दोन्ही शब्द लिहिले. शेऱ्याच्या कॉलमात अर्थ लिहायला घेतला होता, तिसरी ओळ चालू होती, तेव्हा तात्या काय म्हणाले ते परत आठवलं.

वही बंद करतो.